खडक न सोडणारी गोगलगाय

ब्रिटनच्या खडकाळ किनाऱ्यांवर, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात, डॉग व्हेल्क ही साधारण तीन सेंटिमीटर लांबीची सागरी गोगलगाय आढळते. तिच्या शेजारच्या बहुतेक गोगलगायी शेवाळ खरवडून जगतात. ही मात्र शिकारी आहे. खडकाला कायमचे चिकटून राहणारे खेकड्यांचे नातलग, म्हणजे बार्नेकल, आणि मसल जातीचे शिंपले हे तिचे मुख्य भक्ष्य. पायातील एका ग्रंथीच्या स्रावाने ती शिंपला मऊ करते, रॅड्युला म्हणजे सूक्ष्म दातांच्या पट्टीने तो खरवडून छिद्र पाडते आणि त्यातून सोंड आत घालून मांस खाते. शिंपलेही निमूटपणे मरत नाहीत. खडकाला धरून ठेवणाऱ्या आपल्या चिवट धाग्यांनी ते कधीकधी शिकाऱ्यालाच जखडून टाकतात.

मादी खडकाच्या फटींत गव्हाच्या दाण्याएवढ्या पिवळसर कुप्या चिकटवते. प्रत्येक कुपीत शेकडो अंडी असली, तरी त्यांतील बहुतेक अंडी मोजक्या भ्रूणांचे अन्न ठरतात आणि काही महिन्यांनी कुपीतून पूर्ण घडलेली पिल्ले रांगत बाहेर पडतात. इतर अनेक सागरी गोगलगायींप्रमाणे या जातीत प्रवाहाबरोबर दूर जाणारी तरंगती अळी नसते, आणि तिच्या जीवनाची सारी दिशा या एका गोष्टीने ठरते. जन्मली तेथेच ती राहत असल्याने तिचा शंखही त्या जागेप्रमाणे घडतो. लाटांचा मारा असलेल्या खडकांवर तो आखूड व रुंद तोंडाचा असतो, कारण तेथे खडक धरायला मोठा पाय लागतो. खेकड्यांचा वावर असलेल्या शांत खाडीत तो जाड व अरुंद तोंडाचा होतो.

एका जागी जखडलेल्या या प्राण्याच्या शरीरात त्या जागेच्या पाण्याचा परिणाम साठत गेला. जहाजांच्या तळावर जीव चिकटू नयेत म्हणून रंगांत पूर्वी वापरले जाणारे ट्रायब्यूटिल टिन हे संयुग लिटरमागे सुमारे एक नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा एक अब्जांश, इतके असले तरी मादीला नराची इंद्रिये फुटू लागतात. या विकृतीला इम्पोसेक्स म्हणतात. प्रमाण वाढल्यास अंडी बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो आणि वंध्य झालेली मादी अडकलेल्या कुप्यांमुळे मरते. प्लिमथच्या मरीन बायॉलॉजिकल असोसिएशनमधील संशोधकांनी १९८०च्या दशकात हा कार्यकारणभाव उलगडला. केंट परगण्यातील डम्पटन गॅप येथे मात्र एक विलक्षण अपवाद आढळला: तेथील अनेक नरांत जनुकीय दोषामुळे शिश्नाची वाढच अपुरी होती, त्याच दोषामुळे माद्यांतही विकृती पुढे सरकली नाही आणि प्रदूषित पाण्यातही ती वस्ती टिकली.

ब्रिटनने १९८७ मध्ये २५ मीटरहून लहान नौकांवर या रंगांना बंदी घातली, तर जागतिक करार २००८ मध्ये अमलात आला. त्यानंतर अनेक किनाऱ्यांवर ही गोगलगाय परतली; परंतु जेथे ती समूळ नष्ट झाली होती, तेथे शेजारच्या खडकावरून कोणी रांगत किंवा वाहत्या शेवाळाला चिकटून येईपर्यंत खडक रिकामेच राहिले.