निखाऱ्याची नाडी हवेच्या हातात

कमरेएवढ्या उंचीचं, जाडजूड सिरॅमिकचं एक भलंमोठं अंडं. पोटात लाकडी कोळसा, वर जाळी आणि त्यावर घुमटासारखं झाकण. ना गॅस, ना वीज, ना बटण. तरी या कामाडो ग्रिलमध्ये रात्रभर ११० अंश सेल्सिअसवर मांसाचा मोठा तुकडा निवांत शिजतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातच ३५० अंशांवर पिझ्झा काही मिनिटांत फुगून येतो. ही करामत कोळसा कमी-जास्त करून होत नाही. तो आधीच पोटभर भरलेला असतो. खाली एक झडप, वर एक झडप. किती कोळसा जळायचा, हे आत शिरणारी हवा ठरवते. सारी गंमत आहे ती इथेच.

पाचिंकोच्या दुकानातली चूल

जपानमध्ये मातीच्या कामाडो चुली शतकानुशतकं घरोघरी होत्या. त्यातल्या भात वाफवायच्या, घुमटाच्या झाकणाच्या ‘मुशिकामाडो’वर दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे असलेल्या अमेरिकी सैनिकांची नजर गेली. भाताऐवजी त्यांनी त्यात मांस भाजून पाहिलं, आणि मायदेशी परतताना काहींनी ती चूलच उचलून नेली. पुढे एड फिशर नावाचा माणूस अटलांटात पाचिंको ही जपानी खेळयंत्रं विकत होता, त्याच दुकानात त्याने या चुलीही ठेवल्या. १९७४ साली त्यातूनच ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी उभी राहिली. पाचिंको मागे पडलं, चूल मात्र जगभर गेली. मातीचं भांडं तापून-निवून तडकायचं, म्हणून पुढे टिकाऊ सिरॅमिक आलं.

घरातल्या पोरांना विचारा, ‘कामाडो’ हे नाव त्यांना आधीच ठाऊक असेल. ‘डीमन स्लेयर’ या गाजलेल्या जपानी मालिकेचा नायक तांजिरो याचं आडनाव कामाडो, आणि त्याच्या घरचा धंदा काय, तर कोळसा पाडून विकायचा!

ज्वाळा गेली, निखारा राहिला

लाकूड कमी हवेत तापवलं की आधी पाणी उडतं, मग जळाऊ वायू आणि डांबरासारखी द्रव्यं निघून जातात. मागे उरतो तो जवळजवळ निव्वळ कार्बन. चार-पाच किलो लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा हाती लागतो. लाकडाची ज्वाळा म्हणजे त्या वायूंचं जळणं. ते भट्टीतच निघून गेल्याने कोळसा ज्वाळेविना रसरसतो. निखाऱ्यांवर कधीकधी निळसर ज्योती नाचताना दिसतात, तो कार्बन मोनॉक्साइड जळत असतो.

चौकोनी, एकसारख्या वड्यांचा कोळसा मिळतो तो वेगळा. त्यात भुसा, कोळशाची पूड आणि बांधून ठेवायला स्टार्च असतो, काही वड्यांमध्ये चुनखडीही. अमेरिकेत या वड्या घरोघरी पोचवल्या हेन्री फोर्डने! मॉडेल टी मोटारीत लाकूड भरपूर लागायचं आणि मिशिगनमधल्या कारखान्यात लाकडाच्या तुकड्यांचे ढीग साचायचे. १९२०च्या दशकात फोर्डने तिथे कोळशाचा कारखाना काढला आणि त्याच्या वड्या मोटारींच्या शोरूममधून विकल्या. जागा शोधायला मदत करणारा त्याचा नातेवाईक एडवर्ड किंग्जफर्ड. आज अमेरिकेत घराघरात माहीत असलेला ‘किंग्जफर्ड’ कोळसा तो हाच.

कामाडोत मात्र ओबडधोबड, अख्ख्या लाकडाचा कोळसाच हवा, आणि याला कारण चवीपेक्षा राखेचं आहे. वड्यांची राख फार पडते, ती खालच्या जाळीची भोकं बुजवते आणि हवा अडते. हवा अडली की आच बसलीच. म्हणून जाणकार पोतं उघडल्यावर कोळसा सरळ ओतत नाहीत. हाताने निवडून मोठे तुकडे तळाशी रचतात, मधले मध्ये, बारके वर, आणि चुरा बाजूला काढून ठेवतात.

काटेरी झुडपांची अदलाबदल

या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट क्यूबाची आहे. तिथल्या पडीक शेतांत ‘माराबू’ नावाच्या काटेरी झुडपाने थैमान घातलं आहे. तोडलं की पुन्हा फुटतं, ट्रॅक्टरलाही दाद देत नाही. पण लाकूड घट्ट, त्यामुळे कोळसा एक नंबर. अमेरिकेने क्यूबावर घातलेल्या व्यापारबंदीला पन्नासहून अधिक वर्षं झाल्यावर, जानेवारी २०१७ मध्ये क्यूबातून अमेरिकेला कायदेशीर निर्यात झालेला पहिला माल कुठला? सिगार नव्हे, रमही नव्हे. ४० टन माराबूचा कोळसा!

आणि हे माराबू मुळात आफ्रिकेतलं आणि आपल्याकडचं. अर्धं गुलाबी, अर्धं पिवळं असं दुरंगी फूल लोंबणारी सिगमकाठी कोरड्या माळावर फिरणाऱ्यांनी पाहिलेली असते. ती तीच. उलट मेक्सिको-दक्षिण अमेरिकेकडची वेडी बाभूळ आपल्याकडे येऊन माळ, ओढे, तलावांचे काठ बळकावून बसली, आणि आपल्याकडे तिचा कोळसा पाडला जातो. त्यांनी आपलं झुडूप जाळायचं, आपण त्यांचं.

कोळसा पाडायचं काम मात्र कुठेच सोपं नाही. लाकूड रचायचं, पालापाचोळा आणि मातीने लिंपायचं, पेटवायचं आणि मग दिवस-रात्र पहारा ठेवायचा, कारण कुठे भेग पडून हवा शिरली तर कोळशाऐवजी राखच हाती येते. रायगड-ठाण्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबं उचल घेऊन महिनोन्महिने अशा भट्ट्यांवर राबतात, लेकराबाळांसकट. इस्त्रीवाल्याच्या पेटीत किंवा हॉटेलच्या तंदुरात रसरसणाऱ्या निखाऱ्यामागे हे कष्ट आहेत. ते नुसते कौतुकाने नव्हे, रास्त मजुरीने मोजले गेले पाहिजेत.

झाकण उघडताना दोन बोटं

कामाडोचा पहिला धडा म्हणजे पारा चढवणं सोपं, उतरवणं महाकठीण. जाड सिरॅमिक एकदा तापलं की तासन्‌तास उष्णता धरून बसतं. ११० अंश हवे असतील तर ९० च्या आसपास असतानाच झडपा आवळायला लागतात. १५० वर गेल्यावर झडपा बंद करून फारसं हाती लागत नाही, वाट पाहावी लागते.

दुसरा धडा अंगावर येणारा आहे. आत धगधगतंय, झडपा आवळल्या आहेत, म्हणजे निखारे हवेसाठी आसुसलेले आहेत. अशा वेळी झाकण भसकन उघडलं की एकदम हवा आत घुसते आणि साचलेले वायू भडकून आगीचा लोळ थेट तोंडावर येतो. भुवया जाणं हे त्यातलं स्वस्तातलं नुकसान. म्हणून झाकण आधी दोन बोटं उचलायचं, तिथेच धरायचं, काही क्षण आत हवा जाऊ द्यायची, पुन्हा एकदा तसंच, मगच पूर्ण उघडायचं. हात लांब बाहीत किंवा हातमोज्यात असावा.

आत हवा कमी खेळते याचा एक गोड फायदाही आहे. गॅसच्या ग्रिलमधून गरम हवेचा झोत सतत वाहतो आणि पदार्थातला ओलावा घेऊन जातो. कामाडोत तो बराचसा आतच राहतो, म्हणून कोंबडीचं छातीचं मांससुद्धा कोरडं पडत नाही.

धुराची चव कुठून येते?

पक्क्या कोळशाला स्वतःची चव फारशी नसतेच. खमंगपणा येतो तो मांसातली चरबी निखाऱ्यावर ठिबकून तिचा धूर परत पदार्थावर बसतो, त्यातून. आपण डाळीत किंवा भरतात वाटी ठेवून, पेटत्या निखाऱ्यावर तूप सोडून झाकण घालतो, त्यामागेही हेच रसायन आहे. लाकडाचाच वास हवा असेल तर कोळशात सुक्या लाकडाचे दोन-चार तुकडे पुरतात. धूर मात्र पातळ, निळसर हवा. दाट पांढरा धूर निघत असेल तर पदार्थ आत ठेवूच नका, कडवट होतो.

मांस कापल्यावर कडेला दिसणारी गुलाबी रेघ धुराची खूण म्हणून मिरवली जाते. ती जळणातल्या नायट्रिक ऑक्साइडसारख्या वायूंमुळे मांसाच्या रंगद्रव्यात झालेला बदल आहे. दिसते सुरेख, चव शून्य.

आणि टेक्सासच्या पद्धतीने ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचा मोठा तुकडा, शिजवणाऱ्यांना रडवणारी गोष्ट: मांसाच्या आतलं तापमान ६५ ते ७० अंशांच्या आसपास पोचतं आणि तिथेच तासन्‌तास अडून बसतं. नवखे लोक घाबरून आच वाढवतात. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने प्रयोग करून दाखवलं, की मांसाला चक्क घाम येतोय. माठातलं पाणी जसं पाझरून, वाफ होऊन गार होतं, तसंच. जितकी उष्णता मिळते, तितकी पृष्ठभागावरचं पाणी उडण्यातच खर्च होते. उपाय म्हणजे कागदात किंवा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळणं. बाष्पीभवन थांबलं की काटा पुन्हा पुढे सरकतो.

विझवायची रीत

हे चुलाण उघड्यावरच चालवायचं. बंद गच्चीत, गॅरेजमध्ये, थंडीत ऊब म्हणून खोलीत, कुठेही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलीतली शेगडी माणसं मारते.

पाणी ओतून तर कधीच विझवू नका, तापलेलं सिरॅमिक तडकेल. झाकण लावून खालची-वरची झडप पूर्ण बंद केली की हवेअभावी निखारे आपोआप विझतात. पोटात उरलेला कोळसा वाया जात नाही. पुढच्या वेळी काठीने ढवळून राख खाली पाडायची, वरून नवा कोळसा घालायचा.