पाचगणीच्या वसतिगृहातला पियानो

लेकरू गाण्यात रमलं की घरात पहिला प्रश्न येतो, "यानं पोट भरेल का?" म्हणून आज एका पोराची गोष्ट.

फारुख बलसारा हा पारशी घरातला मुलगा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावर. वडील सरकारी कचेरीत रोखपाल. आठ वर्षांचा असताना त्याला शिकायला सातारा जिल्ह्यात पाचगणीला पाठवलं, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. मुख्याध्यापकांनी घरी पत्र लिहिलं: मुलाला संगीताची जाण आहे, थोडी जास्त फी भराल तर वेगळं शिकवू. आईवडिलांनी फी भरली. तो पियानो शिकला आणि चार मित्रांसोबत शाळेतच 'द हेक्टिक्स' हा बँड काढला.

१९६४ मध्ये झांजिबारला उठाव झाला. कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. तिथं फारुख चित्रकला शिकला, विमानतळावर सामान उचललं, बाजारात जुने कपडे विकले. १९७० मध्ये 'क्वीन' हा रॉक बँड उभा राहिला. रॉक म्हणजे गिटार-ड्रमच्या ठेक्यावरचं जोरकस गाणं. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे आपला फारुखच. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या जगप्रसिद्ध गाण्यात पियानोही त्यानंच वाजवला.

प्रत्येक पोर मर्क्युरी होणार नाही. पण गटातून शिक्षणासाठी कर्ज मागताना आपण वह्या, गणवेश, शिकवणी लिहितो. दंडारीत पेटीजवळून न हलणाऱ्या पोरीची पेटीची फी मात्र लिहीत नाही. तेही शिक्षणच आहे. पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.