फीचा आकडा आणि आपण भरायचा आकडा

आयआयटीत बी. टेक.ची शिक्षण फी वर्षाला 2 लाख रुपये आहे. हा आकडा कानावर पडला की वेंगुर्ले तालुक्यातल्या कितीतरी घरांत विषय तिथेच संपतो. घर उभादांड्यातलं, रापणीच्या वाट्यावर चालणारं असो की होडावड्यातलं, काजूच्या बागेवर भागवणारं असो, दरवर्षी 2 लाख आणायचे कुठून हा प्रश्न खराच आहे. पण ही फी सगळ्यांनी पूर्ण भरायची नसते. मुलगी गणितात कितीही हुशार असली तरी अर्जच केला नाही तर ही गोष्ट घराला कधी कळतच नाही. याची मला मनापासून खंत वाटते.

आयआयटीचा नियम असा : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर शिक्षण फी पूर्ण माफ. 1 ते 5 लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफ. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ती पूर्ण माफ आहे. म्हणजे साडेतीन लाख उत्पन्नाच्या घराला 2 लाखांऐवजी सुमारे 66,700 रुपये भरावे लागतात. वसतिगृह आणि मेसचा खर्च मात्र यात धरलेला नाही. पहिल्याच सत्रात तो अंगावर येतो, म्हणून आधीच वेगळा काढून ठेवावा.

उरलेल्या रकमेसाठी नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. देशातल्या निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर या योजनेत तारण आणि जामीनदार यांशिवाय कर्ज मिळतं. घर गहाण ठेवावं लागत नाही, मामाची सही मागायची वेळ येत नाही. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत नसाल, तर 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत मिळू शकते. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या काळातलं व्याज सरकार भरतं. ही सवलत शिक्षण आणि त्यानंतरची ठरलेली मुदत एवढ्यापुरतीच असते. पुढे मुद्दल आणि व्याज दोन्ही विद्यार्थ्याच्या डोक्यावर असतं. कर्ज घेताना हे मुलाला समोर बसवून सांगावं.

या सगळ्याचं दार एकाच कागदाने उघडतं, तो म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. नोकरदाराकडे पगाराचा कागद असतो. आपल्याकडे उत्पन्न येतं ते तुकड्यातुकड्यांनी : फेब्रुवारी ते मे काजू, त्याच सुमारास आंबा, जून-जुलैत मासेमारी बंद, गणपतीला मुंबईहून भावाने पाठवलेले पैसे. काजू-बी विकताना कुणी पावती मागत नाही, रापणीचा वाटा रोख हातात पडतो. म्हणून निदान वर्षभर एका वहीत तारीख, माल आणि रक्कम लिहून ठेवावी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसला तरी दाखल्यात ते धरलं जातं. लपवूही नये आणि अंदाजाने फुगवूही नये.

परदेशातल्या नामांकित विद्यापीठांत पद्धत आणखी वेगळी आहे. हार्वर्डचा वर्षाचा एकूण खर्च 80 हजार डॉलरच्या वर जातो. पण तिथे आधी कुटुंब किती भरू शकेल ते ठरवतात आणि उरलेली सगळी रक्कम मदत म्हणून देतात. ती मदत परत करायची नसते. 2025-26 पासून वर्षाला 1 लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांकडून हार्वर्ड काहीच घेत नाही, आणि परदेशी विद्यार्थ्यांनाही मदतीचं धोरण तेच आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी प्रवेश ठरवताना पैशाची गरज विचारातच घेत नाहीत. बाकीच्या अनेक विद्यापीठांत परदेशी मुलाने मदत मागितली तर प्रवेश अवघड होतो, आणि सुरुवातीला मागितली नाही तर नंतर मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक विद्यापीठाचा नियम अर्ज करण्याआधी वाचलाच पाहिजे. अर्थात प्रवेश मिळणं फार कठीण आहे, हार्वर्डला शंभर अर्जांत जेमतेम चार जणांना मिळतो.

तिथल्या मदतीसाठी बहुतेक ठिकाणी सीएसएस प्रोफाइल नावाचा लांबलचक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. उत्पन्न, बँकेतली शिल्लक, घराची किंमत, जमीन, सगळं विचारतात. कोकणातलं घर इथे अडखळतं. सातबारा काढला तर त्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, मुंबईला गेलेले चुलते अशी नावांची रांग, आणि क्षेत्र अख्ख्या गटाचं. तो आकडा तसाच भरला तर कागदावर आपण जमीनदार ठरतो. फक्त आपला हिस्सा लिहावा, आणि अर्जात खास परिस्थिती सांगायला जी जागा असते तिथे साध्या इंग्रजीत लिहावं : जमीन सामायिक आहे, वाटप झालेलं नाही, विकता येत नाही. सातबारा आणि दाखल्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लावावं. अर्जाची फी परवडत नसेल तर माफीसाठी विद्यापीठाला ईमेल करावा. अशी विनंती तिथे नेहमीची आहे, त्यात संकोच नको.

1913 मध्ये डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर : तीन वर्षं, महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर बडोदे संस्थानात नोकरी करण्याचा करार. आज महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या 75 विद्यार्थ्यांना दरवर्षी परदेशात पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी पाठवते. राजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट आता नियमात आली आहे. पण नियम अर्ज करणाऱ्यालाच लागू होतो.

अमेरिकेतले अर्ज बारावीच्या वर्षातच, नोव्हेंबर ते जानेवारीत भरावे लागतात आणि मदतीचे कागद त्याच सुमारास मागतात. म्हणून वेंगुर्ले, शिरोडा, रेडीच्या शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे : मूल अकरावीत गेलं की उत्पन्नाची वही सुरू करा, एप्रिलमध्ये दाखल्याचा अर्ज टाका, आणि फीचा आकडा बघून कुठलंही नाव यादीतून काढू नका.