खांदेरी : एक बेट, दोन पाणबुड्या आणि माझगाव

माझगाव डॉकमध्ये बांधायला घेतलेल्या जहाजाची पहिली ओळख म्हणजे यार्ड नंबर. ११८७६ हा त्यातलाच एक. १२ जानेवारी २०१७ला तत्कालीन संरक्षण राज्यमंत्री सुभाष भामरे यांच्या पत्नीच्या हस्ते हा नंबर असलेल्या पाणबुडीचं जलावतरण झालं आणि आकड्याला नाव मिळालं : खांदेरी.

नाव मात्र आधीच वापरलेलं होतं. ६ डिसेंबर १९६८ला नौदलात दाखल झालेली सोव्हिएत बनावटीची पाणबुडीही 'खांदेरी'च. ती १९८९मध्ये निवृत्त झाली. नौदलाची रीतच अशी की जहाज मोडीत निघतं, नाव निघत नाही. फ्रेंच आराखड्यावर माझगावात बांधलेल्या सहाही पाणबुड्यांनी (कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर) जुन्या सोव्हिएत पाणबुड्यांचीच नावं घेतली. २०२१च्या मार्चमध्ये नवी 'करंज' सेवेत आली, तेव्हा प्रमुख पाहुणे होते माजी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल विजयसिंह शेखावत. १९७१च्या युद्धात जुन्या 'करंज'चे कप्तान तेच. फ्रिगेटांचंही तसंच. १९७२ची 'निलगिरी' इथलीच आणि २०२५च्या जानेवारीत दाखल झालेली 'निलगिरी'ही इथलीच.

पण यांतल्या कुठल्याच नावाचं माझगावशी 'खांदेरी'इतकं जुनं भांडण नाही.

सतराव्या शतकात जंजिऱ्याच्या सिद्दीला मुंबईकर इंग्रज थारा देत. पावसाळ्यात त्याचं आरमार माझगावच्या आसऱ्याला नांगर टाकून पडे आणि उघडीप झाली की मराठ्यांच्या किनाऱ्यावर लूटमार करायला बाहेर पडे. १६७८मध्ये शिवाजी महाराजांनी हे आरमार माझगावातच जाळायचा बेत केला. त्यासाठी त्यांचा आरमारी सरदार दौलतखान पनवेलपर्यंत आला, पण बेत तडीस गेला नाही. दुसऱ्याच वर्षी, १६७९च्या पावसाळ्यात, मराठ्यांच्याच आरमारातल्या मायनाक भंडारीने अलिबागजवळच्या थळसमोरच्या खांदेरी बेटावर तटबंदीचं काम सुरू केलं. मुंबई बंदराच्या तोंडावर मराठ्यांची चौकी बसली, तर सिद्दीची आणि इंग्रजांची दोघांचीही वाट अडणार होती. इंग्रजांनी बेटावर हक्क सांगून गलबतं पाठवली. १८ ऑक्टोबरच्या लढाईत त्यांचं 'डव्ह' हे गलबत मराठ्यांनी पकडलं. 'रिव्हेंज' कसंबसं निभावलं. वेढा घालूनही बांधकाम थांबेना. शेवटी १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने मग शेजारचं उंदेरी बळकावलं आणि दोन्ही बेटांवरून तोफा एकमेकींवर धडाडू लागल्या.

ज्या माझगावावर नजर ठेवायला खांदेरी उभा राहिला, त्याच माझगावात साडेतीनशे वर्षांच्या आत 'खांदेरी' बांधली गेली. नौदल या नावाचा संबंध करवतमाशाशीही लावतं. असेल बुवा, मराठी माणसाला मात्र हे नाव ऐकून मासा आठवत नाही.

बेटावर आजही चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या तोफा आहेत. एक खडक आहे, त्यावर दगड आपटला की भांड्यावर ठोका पडावा तसा आवाज येतो. कोळ्यांचा वेताळ आहे आणि १८६७चं दीपगृह आहे.

कागदावर मात्र हे बेट १९९८पासून 'कान्होजी आंग्रे द्वीप' आहे. मराठ्यांचे सरखेल म्हणून कान्होजींचा मान मोठाच. १७१८मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला चढवला तेव्हा कान्होजींच्याच माणसांनी तो परतवला. पण मुंबईतला नौदलाचा तळ १९५१पासून 'आयएनएस आंग्रे' आहेच. म्हणजे आंग्ऱ्यांचं नाव दोन ठिकाणी, आणि खांदेरीचं नाव खुद्द खांदेरीवर नाही! त्यातही गंमत अशी की थळचा कोळी होडी सोडताना 'खांदेरीला चाललो' असंच म्हणतो.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या यादीतही नाव 'खांदेरी' असंच आहे. किल्ला, दोन पाणबुड्या आणि युनेस्को सगळे एकाच नावावर ठाम असताना सरकारी दप्तराने वेगळं धरून बसण्यात काही अर्थ नाही. दीपगृहाला हवं तर कान्होजींचं नाव असू द्यावं, बेटाला त्याचं नाव परत करावं.