दूध न सोसणाऱ्यांचे जगणे
दुधातील शर्करा, म्हणजे लॅक्टोज, पचवण्यासाठी लहान आतड्यात लॅक्टेज हे विकर लागते. जगातील बहुसंख्य माणसांमध्ये ते बालपणानंतर कमी होत जाते आणि मग न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवू लागले, की पोट फुगते, कळा येतात, जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे, कारण ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा दुधातील प्रथिनांवर उठते आणि ते जिवावरही बेतू शकते.

खरी कोंडी होते ती चारचौघांत: पाहुणचाराचा चहा, लग्नातली बासुंदी किंवा प्रसादाचा पेढा नाकारणाऱ्याचे खाण्याचे नखरे म्हणून हसे होते, जे सर्वस्वी अन्यायाचे आहे, आणि एसटीच्या लांबच्या प्रवासाआधी तर काय खाल्ले यापेक्षा स्वच्छतागृह कोठे मिळेल, याचाच घोर लागतो.

दूध पूर्णपणे सोडण्याची गरज मात्र बहुतेकांना नसते. २५० मिलिलिटर दुधात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज असते, आणि तेवढे अनेकांना जेवणासोबत सोसते. विरजणातील जिवाणू त्याचा काही भाग आधीच वापरत असल्याने दही-ताक सोपे जाते, साजूक तुपात तर ते जवळजवळ नसतेच. ज्यांना एवढेही चालत नाही, त्यांनी कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ आहारात ठेवावेत.