अजित वाडेकर

अजित लक्ष्मण वाडेकर (१ एप्रिल १९४१ – १५ ऑगस्ट २०१८) हे भारताचे डावखुरे फलंदाज, स्लिपमधील भरवशाचे क्षेत्ररक्षक आणि कसोटी कर्णधार होते. वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत भारताने पहिल्या कसोटी मालिका जिंकल्या त्या १९७१ साली, त्यांच्या नेतृत्वाखाली. दादरच्या शिवाजी पार्कने भारतीय क्रिकेटला दिलेल्या खेळाडूंच्या मालिकेत विजय मांजरेकर आणि सुभाष गुप्ते यांच्यानंतरचे हे महत्त्वाचे नाव होय.

महाविद्यालयीन कारकीर्द

वाडेकर क्रिकेटकडे वळले ते जवळजवळ योगायोगाने. मुलाने गणितात प्रावीण्य मिळवून अभियंता व्हावे अशी वडिलांची इच्छा होती आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयात ते विज्ञान शाखेत शिकत होते. त्याच महाविद्यालयातील ज्येष्ठ विद्यार्थी आणि पुढे कसोटी खेळलेले लेगस्पिनर बाळू गुप्ते यांनी एकदा बसमध्ये त्यांना संघाचा बारावा गडी होण्याविषयी विचारले. या कामाचे दिवसाला तीन रुपये मिळत. त्या काळच्या विद्यार्थ्याला ही रक्कम क्षुल्लक नव्हती. वाडेकरांनी होकार दिला आणि प्रयोगशाळेची वाट हळूहळू मागे पडली.

त्या काळी विद्यापीठांचे क्रिकेट दुय्यम समजले जात नसे. १९३५–३६ पासून खेळल्या जाणाऱ्या रोहिंटन बारिया करंडक या आंतरविद्यापीठ स्पर्धेवर निवड समितीचे लक्ष असे. या स्पर्धेत मुंबई विद्यापीठाकडून वाडेकरांनी ३२४ धावांची खेळी केली. १९७०–७१ मध्ये सुनील गावसकर यांनी ३२७ धावा करून ती संख्या मागे टाकली आणि त्याच हंगामात ते वाडेकरांच्या नेतृत्वाखाली कसोटी खेळू लागले.

मुंबई संघ आणि कसोटी पदार्पण

१९५८–५९ मध्ये वाडेकर मुंबईकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. मुंबईने सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला, त्या पर्वाचा आरंभही याच हंगामातला. मात्र कसोटी संघाचे दार उघडायला आठ वर्षे लागली. डिसेंबर १९६६ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनी पदार्पण केले. त्याच हंगामात म्हैसूरविरुद्ध त्यांनी ३२३ धावा केल्या. पुढच्या वर्षी मेलबर्नला ते ९९ धावांवर बाद झाले. त्यांचे एकमेव कसोटी शतक (१४३) १९६८ साली वेलिंग्टन येथे झाले. भारताने परदेशात जिंकलेली पहिली मालिका ती हीच.

कर्णधारपद

१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतामुळे मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी वाडेकर कर्णधार झाले. त्यांच्या आग्रहावरून दिलीप सरदेसाई यांचा संघात समावेश झाला. किंग्स्टनच्या पहिल्याच कसोटीत सरदेसाईंनी २१२ धावा करून तो आग्रह सार्थ ठरवला.

वाडेकरांची नजर कशी होती, हे त्याच सामन्यातून कळते. पहिला दिवस पावसात वाया गेला होता. भारताच्या ३८७ धावांना उत्तर देताना वेस्ट इंडीजचा डाव २१७ धावांत आटोपला. म्हणजे आघाडी १७० धावांची होती. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन लादण्यासाठी २०० धावांची आघाडी लागते. परंतु पहिला दिवस वाया गेल्यास सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मग १५० धावा पुरतात. वाडेकरांनी प्रतिस्पर्धी कर्णधार गॅरी सोबर्स यांना पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. सामना अनिर्णित राहिला खरा, पण ज्या संघापुढे भारत नेहमी बचाव करीत आला होता, त्याच्यावर फॉलोऑन लादला गेला होता. पोर्ट ऑफ स्पेनची दुसरी कसोटी भारताने सात गडी राखून जिंकली. तिच्या दुसऱ्या डावात सोबर्स आणि क्लाइव्ह लॉइड यांना सलीम दुराणी यांनी बाद केले. मालिका १–० अशी भारताची झाली.

त्याच वर्षी ओव्हलवर भागवत चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेतल्याने इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. भारतापुढे १७३ धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या दिवशी सकाळी वाडेकर ४५ धावांवर धावचीत झाले आणि परतून चक्क झोपी गेले. विजयाची वार्ता सांगायला त्यांना उठवावे लागले! मायदेशी परतलेल्या संघाचे मुंबईकरांनी भव्य मिरवणुकीने स्वागत केले. १९७२–७३ मध्ये इंग्लंडला भारतात २–१ असे हरवून वाडेकरांनी सलग तिसरी मालिका जिंकली.

१९७४ चा दौरा

१९७४ मध्ये इंग्लंडमध्ये भारत ०–३ असा हरला. लॉर्ड्सवर संघाचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत संपला. भारताचा पहिला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामनाही याच दौऱ्यात हेडिंग्ले येथे झाला. त्यात वाडेकरांनी ६७ धावा केल्या, पण पराभव टळला नाही. तीन वर्षांपूर्वी मिरवणूक पाहणाऱ्या शहरात आता त्यांच्या घरावर दगडफेक झाली. पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती स्वीकारली. एका दौऱ्याच्या अपयशाची ही किंमत फार मोठी होती. कारण त्यानंतर ते भारताकडून पुन्हा कधीही खेळले नाहीत.

३७ कसोटींत त्यांनी ३१.०७ च्या सरासरीने २,११३ धावा केल्या आणि ४६ झेल घेतले. प्रथम श्रेणीत मात्र त्यांच्या नावावर ४७ हून अधिक सरासरीने १५,३८० धावा आहेत.

उत्तरकाळ

स्टेट बँकेतील नोकरी त्यांनी दीर्घकाळ केली. १९९० च्या दशकात ते मोहम्मद अझरुद्दीन यांच्या संघाचे व्यवस्थापक झाले. १९९४ साली ऑकलंडला नवज्योतसिंग सिद्धू खेळू शकत नसल्याने सचिन तेंडुलकर यांना सलामीला पाठवण्याच्या निर्णयात त्यांचा वाटा होता. त्या डावात तेंडुलकरांनी ४९ चेंडूंत ८२ धावा केल्या. पुढे वाडेकर निवड समितीचे अध्यक्षही झाले. त्यांना अर्जुन पुरस्कार (१९६७) आणि पद्मश्री (१९७२) मिळाले. निधनानंतर त्यांच्यावर शिवाजी पार्क स्मशानभूमीत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले.