दंतमुकुट

दंतमुकुट म्हणजे किडलेल्या, झिजलेल्या, तुटलेल्या किंवा तडा गेलेल्या दातावर चपखल बसवले जाणारे कृत्रिम आवरण होय. बोलीभाषेत याला दाताची कॅप, तर दंतवैद्यकात क्राउन म्हणतात. नैसर्गिक दात न काढता त्याचा आकार, बळकटी आणि चर्वणाची क्षमता परत मिळवणे हा त्याचा मुख्य उद्देश असतो.

आवश्यकता

दाताचे बाह्य आवरण असलेले दंतवल्क हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. मात्र त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे त्याचा मोडलेला भाग पुन्हा तयार होत नाही. किडीचा लहान खड्डा भरून काढता येतो. खड्डा मोठा असल्यास त्याभोवती उरलेल्या दाताच्या पातळ भिंती चावताना पडणाऱ्या दाबाने वाकतात आणि कालांतराने तुटतात. बैलगाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी धाव जशी लाकडी भागांना एकत्र बांधून ठेवते, त्याप्रमाणे मुकुट दाताला सर्व बाजूंनी आवळून धरतो.

रूट कॅनाल उपचारानंतर दाढांना अशा संरक्षणाची विशेष गरज असते. या उपचारात दाताच्या गाभ्यातील बाधित दंतमज्जा काढून मुळांतील नलिका भरल्या जातात. वेदना थांबल्यामुळे उपचार पूर्ण झाला असा समज होतो व मुकुट बसवण्याचे अनेकदा राहून जाते. अशी पोकळ दाढ जेवताना उभी चिरली आणि चीर मुळापर्यंत गेली, तर ती बहुधा काढावीच लागते. पुढच्या दातांवर चर्वणाचा भार कमी असल्याने, त्यांचा बराच भाग शाबूत असल्यास मुकुट लागतोच असे नाही.

पद्धती

प्रथम कीड काढून दाताचा गाभा भरला जातो. त्यानंतर आवश्यकतेनुसार दात बधिर करून तो सर्व बाजूंनी साधारणतः 1 ते 2 मिलिमीटर घासतात. दाताचे माप साच्याने किंवा स्कॅनरने घेतात व शेजारच्या दातांशी जुळणारा रंग निवडतात. प्रयोगशाळेतून मुकुट तयार होऊन येईपर्यंत तात्पुरती कॅप बसवता येते. पुढील भेटीत मुकुटाची कड आणि समोरच्या दाताशी होणारा स्पर्श तपासून तो विशिष्ट सिमेंटने चिकटवतात.

प्रकार

धातूचे मुकुट टिकाऊ असतात व त्यांसाठी दात तुलनेने कमी घासावा लागतो. परंतु त्यांचा रंग उठून दिसतो. धातूवर चिनी मातीचा थर दिलेल्या मुकुटात बळकटी व नैसर्गिक रूप यांचा मेळ असतो. मात्र वरचा थर कधी कधी टवका उडून निघतो. झिर्कोनियाचे मुकुट दातासारख्या रंगाचे व अतिशय मजबूत असतात. लहान मुलांच्या दुधाच्या दाढांवर स्टेनलेस स्टीलचे तयार मुकुट बसवतात; दाढ पडताना तेही तिच्यासोबत निघून येतात.

इतिहास

प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्ट्यांनी दात बांधत असत. 1907 मध्ये अमेरिकी दंतवैद्य विल्यम टॅगर्ट यांनी मेणाच्या प्रतिकृतीवरून सोने ओतण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे दातावर अचूक बसणारे धातूचे भाग घडवणे सुलभ झाले.

निगा व मर्यादा

मुकुटाला स्वतःला कीड लागत नाही; परंतु त्याच्या कडेशी, हिरडीलगत, उघडा राहिलेला दात किडू शकतो. म्हणून तेथे नियमित ब्रश व दातांमधील फटीत दोरा फिरवणे आवश्यक असते. रूट कॅनाल झालेल्या दातात संवेदना नसल्याने आतील कीड दुखण्यावरून कळत नाही; त्यासाठी वेळोवेळी तपासणी करून घ्यावी लागते. बर्फ, सुपारी यांसारखे कठीण पदार्थ फोडण्यासाठी असा दात वापरणे टाळतात. मुकुट अनेक वर्षे टिकतो, पण तो कायमस्वरूपी नसतो. मुकुटासाठी घासलेला दात पूर्ववत होत नसल्याने, लहान भरणाने काम भागत असेल तेथे मुकुट बसवला जात नाही.